वृंदाआत्याचं कुंकू

माझी वृंदाआत्या बेहालाच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. नवरा गेल्यावर सगळ्यांनी पुण्याला परत ये म्हणून टुमणं लावलं, पण ती कलकत्त्यातच, आमच्या घरी राहिली. कुणाच्या सांगण्यावरून हलणारी बाईच नव्हती ती.

१९७१ साली आमच्या मराठी महिला मंडळातल्या बायकांच्या कपाळांवर काळसर चट्टे दिसू लागले. आत्याने बाजारातल्या लालभडक कुंकवाची पुडी प्रयोगशाळेत तपासली. त्यात शिसं निघालं. दुसरी कुणी नुसती हळहळली असती. आत्याने हळद चुन्याच्या निवळीत कालवून, सावलीत वाळवून घरीच कुंकू केलं. रंग विटकरी आला. मंडळात नेण्याआधी तिने ते स्वतःच्या मनगटावर दिवसभर लावून पाहिलं.

"विधवेच्या अंगाला लागलेलं कुंकू सवाष्णींनी लावायचं?" तिच्या मनगटावरचा डाग बघून मंडळाच्या अध्यक्षा सुचित्राबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"खाज यायची असेल तर ती आधी मला येऊ दे, म्हणून लावते," आत्या म्हणाली.

डबीला कुणी हात लावला नाही. मी रागाने धुमसत होते. आत्या घरी आली, वह्या तपासायला बसली, आणि वह्यांआड रडली. तिला स्वतःच्या कपाळाचं काही नव्हतं, इतरांच्या कपाळांची काळजी होती.

दिवाळीत सुचित्राबाईंचं कपाळ सोललं. डॉक्टरांनी कुंकू बंद करायला सांगितलं. त्यांच्यासाठी याहून मोठी शिक्षा नव्हती. गार्डन रीचहून दोन बस बदलून त्या आमच्या दारात आल्या, मान खाली घालून. मला वाटलं, आत्या आता चांगली सुनावणार. तिने चहा टाकला. जखम भरेपर्यंत कपाळाला काहीही लावायचं नाही, असं बजावलं, आणि त्यांच्या मनगटावर आपल्या कुंकवाचा ठिपका लावून दिला.

"उद्यापर्यंत पुसू नका. खालची कातडी लाल झाली तर सांगा."

काही झालं नाही. संक्रांतीपर्यंत कपाळही भरलं. त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं आत्यालाही आलं. तोवर ते तिला वगळून फक्त माझ्या आईला यायचं.

हॉल भरलेला होता. सुचित्राबाईंनी आत्याची डबी उघडून तिच्याच हातात दिली आणि चेहरा पुढे केला. नवरा गेल्यापासून आत्याने कुणाच्याच कपाळाला कुंकू लावलं नव्हतं. तिने कसाबसा बारीकसा ठिपका टेकवला.

"थोडं मोठं लावा," सुचित्राबाई म्हणाल्या. "मागच्या बायकांनाही दिसू दे."