शेवटच्या नळानंतरचा चहा

मुकुंदराव हळबे वकील दुपारी झोपत नाहीत. जेवणानंतर ते आरामखुर्चीत पाय लांब करून केवळ डोळे मिटून विचार करतात. आणि त्या विचारांना घोरण्याचा आवाज येतो, हे त्यांच्या सुनेचे, शर्वरीचे, म्हणणे ते पुराव्याअभावी फेटाळून लावतात. आज तर झोपेचा प्रश्नच उद्भवत नाही. संध्याकाळी एस. टी. स्थानकासमोरच्या चौकात नगरपरिषदेच्या संगीत कारंज्याचे लोकार्पण आहे आणि प्रमुख वक्ते तेच आहेत. भाषणाचा कागद छातीवर आहे. वर पंखा फिरतो आहे. त्याचे एक पाते फेऱ्यागणिक कुरकुरते, आणि ती कुरकुर ऐकता ऐकता मुकुंदरावांना वाटू लागते, की सभागृहात कोणीतरी हरकत घेण्यासाठी उभे आहे आणि त्याला पुन्हा पुन्हा खाली बसवले जात आहे.

हरकत घेणारे तेच असले पाहिजेत. ज्या गावाच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, त्या गावाने गाण्याच्या तालावर नाचणारे पाणी विकत घ्यावे, त्याचा अभ्यास करण्यासाठी नगरसेवकांनी सहकुटुंब विमानाने परदेशी जावे, आणि परतल्यावर 'तेथे पाण्याचा दाब उत्तम आढळला' एवढाच अहवाल सादर करावा, याविरुद्ध ते वर्षभर भांडले. वर्तमानपत्रांत लिहिले, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केले. गावाने ते वाचले, मान डोलावली, "सगळेच सारखे हो, वकीलसाहेब," असे म्हटले आणि आणखी एक कटिंग मागवला.

मग एके सकाळी तरुण नगराध्यक्ष अभिजितभैया दुधाळ पेढे घेऊन आले आणि वाकून पाया पडले. "काका, कारंज्याला केरूनानांचं नाव देतोय. बोलायला तुमच्याशिवाय आहे कोण गावात?" उभा जन्म ज्या जिभेने प्रतिपक्षाला दम घेऊ दिला नाही, ती त्या वेळी टाळूला चिकटून बसली. केरूनाना लोणकर म्हणजे गावाचे जुने नगराध्यक्ष, मुकुंदरावांचे जिवलग स्नेही. गावात नळ आले ते त्यांच्याच कारकिर्दीत. ते गेले तेव्हा तिरडीला पुढून खांदा मुकुंदरावांचा होता. नाव सांगितले तर नवी पिढी 'कोण केरूनाना?' असे विचारते. दगडावर कोरलेले राहील, एवढाच मुकुंदरावांचा विचार. आणि हा विचार आपण नेमका कोणत्या बाजूने करतो आहोत, हे त्यांनी स्वतःला विचारले नव्हते.

पाते कुरकुरते. पायापाशी कोणीतरी स्टूल ओढून बसते.

धोतर, खादीचा सदरा, काढून गुडघ्यावर ठेवलेली टोपी. वहाणा ओल्या आहेत आणि फरशीवर त्यांचे ठसे उमटले आहेत. माणूस मेलेला आहे हे मुकुंदरावांना पुरते ठाऊक आहे. त्याचे त्यांना नवल वाटत नाही. विश्रांतीच्या वेळेला आला याचा थोडा राग मात्र येतो.

"घोरत होता," केरूनाना म्हणतात.

"विचार करत होतो."

"मोठ्यांदा करता."

"नाना, चहा घेणार ना? शर्वरीला सांगतो."

केरूनाना खिडकीबाहेर पाहतात. "पाथरवट आळीत पाणी आलं का?"

आता कोठे मुकुंदरावांना त्यांची जुनी खोड आठवते. ज्या दिवशी गावाला पाणी सुटे, त्या दिवशी नगराध्यक्ष लोणकर पहाटे सायकल काढून थेट माळावरच्या पाथरवट आळीत जात. जलवाहिनीचा शेवटचा नळ तेथे होता. तेथल्या बायांचा पहिला हंडा भरेपर्यंत ते शेजारच्या धोंड्यावर बसून राहत आणि मगच दिवसाचा पहिला चहा घेत. पाणी दुपारी आले तर चहा दुपारी. एकदा मंत्र्यांसमोर त्यांनी कप परत पाठवला होता. लोक हसत. पण पाणी सोडणारे कर्मचारी हसत नसत. नगराध्यक्ष चहावाचून बसला आहे, हे त्यांना ठाऊक असे.

"पाण्याचं मला नक्की माहीत नाही," मुकुंदराव म्हणतात.

"मग चहा राहू द्या. चला."

"कुठे?"

"सभेला. तुमची हरकत आहे ना?"

ते उठतात. खोलीच्या दारातून माजघरात पाऊल टाकावे, तर पाऊल नगरपरिषदेच्या सभागृहात पडते. खुर्च्यांवर कोनशिला बसल्या आहेत. काळ्या, घोटीव, सोनेरी अक्षरांच्या. कोणाच्या गळ्यात वाळलेला हार, कोणावर अर्धवट ओढलेला मखमली पडदा. मुकुंदराव चष्मा सावरून एकेक वाचतात. जलतरण तलाव, ज्याच्या जागी बाभळी आहेत. वाचनालय, ज्याला दार आहे आणि भिंती नाहीत. बायपास. दुसऱ्यांदा बायपास. प्रत्येकीवर मान्यवरांची नावे मानाच्या क्रमाने, आणि कामाचे नाव सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, एखाद्या गरीब नातेवाइकासारखे.

"माझा हरकतीचा मुद्दा आहे!" मुकुंदराव उभे राहून म्हणतात.

"बोला, काका," शिला अत्यंत आदराने म्हणतात.

ते बोलतात. असे त्यांना उभ्या आयुष्यात बोलता आले नव्हते. वाक्यांमागून वाक्ये चिरेबंदी रचली जातात. कायदा, नीती, इतिहास, कशाचीही कसर नाही. बोलणे संपते. शिला टाळ्या वाजवतात.

"फारच छान. काका, तुमचं मराठी म्हणजे! आपली हरकत नोंदवून घेतली आहे. विषय मंजूर."

"मंजूर," दुसरी म्हणते.

"मंजूर," सगळ्या म्हणतात, आणि काजूच्या बशा फिरू लागतात. एक बशी मुकुंदरावांच्या हातात येते. ते ती खाली ठेवतात. ती पुन्हा हातात येते. खिशात घालून पाहतात, बाकाखाली सरकवून पाहतात. बशी हातातच असते.

"अहो, हे ऐकून घेतात आणि काहीच होत नाही!" ते केरूनानांकडे वळून ओरडतात. "नाही म्हणाले असते, हाकलून दिलं असतं, तर भांडता तरी आलं असतं. हे पाया पडतात हो, नाना!"

"पडणारच. पाय कुठं पकडावा हे त्यांना कळतं."

"पण लोक? लोकांना काही वाटत नाही?"

"विचारा की त्यांना. हे काय, इथंच आहेत."

सभागृहाला भिंती नाहीतच. हा चौक आहे. भर उन्हात रंगीत दिवे लागले आहेत आणि मधोमध कारंजे उसळते आहे. त्यात काहीतरी चुकते आहे हे मुकुंदरावांना आधी जाणवते आणि मग दिसते. पाणी वर जाते आहे. खाली येत नाही. थेंबसुद्धा नाही. जाते ते आभाळात कोठेतरी विरते. भोवती सारे गाव डोक्यावर हंडे, कळशा, बादल्या घेऊन मान वर करून उभे आहे. आरतीला धरावा तसा सगळ्यांनी एक सूर धरला आहे: सगळेच सारखे, सगळेच सारखे. सूर इतका गोड आहे, की मुकुंदरावांचे ओठही हलू लागतात.

"मी पण का?" केरूनाना विचारतात.

"काय?"

"सगळेच सारखे म्हणताय. मी पण त्यातच आलो की."

"तुम्ही नाही! तुम्ही अपवाद."

"अपवाद म्हणून दगडावर टाकायचं, आणि बाकीच्यांना मोकळं सोडायचं. बरी सोय आहे." केरूनाना टोपी झटकतात. "मी काय आभाळातून पडलो होतो का, वकील? माझ्या वाटेवर तुम्ही रोज उभे असायचा. निविदेचा कागद दिसला की हिसकावून घ्यायचा. पाथरवट आळीतल्या म्हाताऱ्या तर माझ्या तोंडावर बोलायच्या, 'नाना, तुमचा चहा गार झाला वाटतं?' मी कसला संत. सरळ चालणं भाग होतं मला."

"मीही भांडलो की वर्षभर. अर्ज केले."

"केलेत. आणि आज संध्याकाळी?"

मुकुंदराव खाली पाहतात. हातातली बशी जड झाली आहे. तिच्यात आता काजू नाहीत. भाषणाचा कागद घडी घालून ठेवला आहे.

"तुमच्यासाठी केलं, नाना. गाव विसरलं तुम्हाला."

"विसरू दे की. माझं नाव कोरून पाथरवट आळीच्या हंड्यात काय पडणार? ती शिला तरी कोणी घडवली माहीत आहे का? त्याच आळीतल्या पोरांनी. दगड घासायला पाणी लागतं. विकतचा टँकर आणून घासला." केरूनानांचा आवाज प्रथमच चढतो. "ह्यांच्याकडं सगळं आहे, मुकुंदा. एक गोष्ट तेवढी नाही. ह्यांच्यावर कुत्रं विश्वास ठेवत नाही. म्हणून कारंज्याला पाणी घेतलं टाकीतून, अन् इभ्रत घेतली तुमच्याकडून. तुम्ही वरून पावतीसुद्धा मागितली नाहीत!"

'मुकुंदा' असे त्यांनी जिवंतपणी फक्त भांडणात म्हटले होते. मुकुंदरावांना उत्तर द्यायचे आहे. मुद्दे तीन आहेत, कदाचित चारही. पहिला मांडण्यासाठी ते बोट वर करतात.

"या इकडं," केरूनाना म्हणतात.

कारंज्याच्या बुडाशी कोनशिला आहे, आणि तिच्याआड जमिनीत एक चौकोनी खड्डा. खड्ड्यात पाण्याची झडप. केरूनाना तिची लांब लोखंडी चावी मुकुंदरावांच्या हातात देतात. गंजलेली, आडव्या मुठीची, छातीएवढी उंच.

"फिरवा."

"मी? हे माझं काम नाही. कर्मचारी असतो त्याला. शिवाय मला अधिकार—"

"वकील, फिरवा."

मुकुंदराव जोर लावतात. चावी हलत नाही. सनदशीर मार्गांचा उच्चार करीत ते पुन्हा जोर लावतात. तळहात सोलवटतो. मागे गाव एका सुरात तेच म्हणते आहे, पुढे शिला टाळ्या वाजवीत आहेत, आणि या दोन्हींमध्ये सापडून मुकुंदरावांना असा संताप येतो, की वाक्य विसरून ते नुसते 'हं' म्हणतात आणि अंगाचा सारा भार मुठीवर टाकतात. चावी पाव फेरा वळते.

जमिनीच्या पोटात काहीतरी गुरगुरते. कारंजे वीतभर बुटके होते. माळाच्या दिशेने, वाहिनीतून, आवाज दूर दूर पळत जातो. आता ते माळावरच आहेत. शेवटचा नळ समोर आहे आणि केरूनाना त्यांच्या धोंड्यावर बसले आहेत. नळाच्या तोंडाशी एक थेंब जमतो आहे. फुगतो आहे. पडत नाही.

"पडेल ना, नाना?"

"बसून बघावं लागतं," केरूनाना सरकून जागा देतात. "तेवढंच काम असतं."

"बाबा! अहो बाबा!"

शर्वरी दारात उभी आहे. "केव्हाची हाका मारतेय. दुधाळांची गाडी आलीय. भैया स्वतः आलेत न्यायला. चहा ठेवलाय त्यांच्यासाठी. आणि हे काय, हाताला काय लागलंय तुमच्या?"

मुकुंदराव उजवा हात उघडून पाहतात. तळव्यावर आडवा, बोटाएवढ्या रुंदीचा, तांबूस गंजाचा पट्टा आहे. आरामखुर्ची सागवानी आहे. खिडकीचे गज खोलीच्या पलीकडच्या टोकाला आहेत. फरशी कोरडी आहे.

"धुऊन या आधी. तो नवा सदरा भरेल."

ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडतात. नळ फुसफुसतो, खोकतो आणि गप्प होतो. बादलीत हात घालायला ते वाकतात. मग काय वाटते कोणास ठाऊक, तसेच सरळ होतात.

बाहेर अभिजितभैया कडक इस्त्रीत उभे आहेत. "काका, नमस्कार! गर्दी तर विचारू नका. अर्धा जिल्हा लोटलाय. चहा घेऊ आणि निघू." शर्वरी ट्रे पुढे करते. मुकुंदराव स्वतःचा कप उचलतात, ओठांपर्यंत नेतात आणि पुन्हा बशीत ठेवतात.

"पाथरवट आळीत पाणी आलं का, अभिजित?"

"आं? येईल की. आज पाळी त्यांचीच होती, पण प्रेशर सगळं चौकात द्यावं लागलं ना काका. कार्यक्रम झाला की सोडतोच."

"नक्की?"

"तुमच्या गळ्याची शपथ!"

"गळा माझा कशाला? तुझा वापर." मुकुंदराव वहाणा पायांत सरकवतात. "मी आळीतल्या नळापाशी बसतो. तिथं एक धोंडा आहे. पहिला हंडा भरला की गाडी पाठव. चहाही तेव्हाच घेईन, आणि बोलायचं तेही तेव्हाच बोलेन. नानांविषयीच बोलेन."

अभिजितभैया हसतात. वकीलकाकांचे विनोद गावात प्रसिद्ध आहेत. मग ते हसणे आपोआप विरते. "काका, खासदार येतायत हो. पत्रिकेत नाव छापलंय तुमचं!"

"छापलंय खरं."

"लोक काय म्हणतील?"

"पहिल्यांदाच काहीतरी वेगळं म्हणतील."

भैया आर्जवाने त्यांचा हात धरायला पुढे होतात. तळव्यावरचा गंज त्यांना दिसतो, आणि पांढऱ्या बाहीकडे पाहून ते नकळत एक पाऊल मागे सरतात. मुकुंदराव हात मागे घेत नाहीत. कोणी विश्वासाने दिलेली वस्तू जपावी, तशी ते मूठ मिटतात आणि उन्हात माळाकडे चालू लागतात.