मागायची राहिलेली जागा

घरातून निघताना तो कुलूप दोनदा ओढून बघे, जिन्याच्या वळणापर्यंत जाई आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढे. "अहो, ते कुलूप चोर नाही तोडणार. तुम्हीच तोडाल एक दिवस," बायको आतून म्हणे. ऑफिसात त्याचे नाव धास्तीराव पडले होते, आणि ते त्याच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर घेतले जाई. त्याला त्याचे वाईट वाटत नसे. त्याच्या मते सर्व्हर सांभाळणाऱ्याने घाबरटच असावे. निर्धास्त माणसाच्या हाती यंत्रे देऊ नयेत.

शहराच्या ॲम्ब्युलन्स केंद्रात तो नोकरीला होता. खालच्या हॉलमध्ये फोन घेणाऱ्या बायका बसत. फोन आला की त्या पत्ता टिपत आणि गाडी-वाटपाचा प्रोग्रॅम जवळची रिकामी गाडी शोधून निरोप थेट ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर पाठवी. हा प्रोग्रॅम आणि त्याचे सोबती वरच्या मजल्यावरच्या थंड खोलीत तीन सर्व्हरांवर चालत. या तिघांची मिळून एक मोट बांधलेली होती. तिला क्लस्टर म्हणत. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद खोलीत राहावा तसा राही, आणि कोणाची खोली कोणत्या सर्व्हरवर हे क्लस्टर स्वतःच ठरवी. एखाद्या सर्व्हरची मेमरी कमी पडू लागली की कोणाला बाहेर काढायचे हेही तेच ठरवी. ज्याने 'मला इतकी जागा लागेल' असे आधी नोंदवलेले नसे, त्याच्यावर पहिली पाळी येई.

या सगळ्यावर नजर ठेवण्याचे काम आजवर बाहेरची एक कंपनी करीत होती. साहेबांच्या मनात आले की आपली माहिती बाहेर का जावी? देखरेखीचे सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरांवर बसवायचे ठरले. धास्तीरावाने त्याच्या गरजांचे पान अनेकदा वाचले. मेमरी किती, प्रोसेसर किती, डिस्क किती वेगवान, सगळे त्यात होते. तळाशी एक सूचना होती: हे आकडे किमान आहेत; ज्या क्लस्टरवर नजर ठेवायची त्याच्यावरच हे सॉफ्टवेअर चालवू नये, त्याला वेगळा सर्व्हर द्यावा.

वेगळा सर्व्हर मागायला तो साहेबांच्या दारापर्यंत गेला.

"काय धास्तीराव, आज कशाची भीती?" साहेबांनी विचारले. खोलीतली मंडळी हसली.

"काही नाही सर. बसेल ते आपल्यातच," तो म्हणाला. म्हणायला गेला होता एक आणि तोंडातून निघाले दुसरेच.

मग त्याने ते बसवले, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे नीट बसवले. पानावर लिहिलेली जागा त्याने तिन्ही सर्व्हरांवर देखरेखीच्या नावाने राखून ठेवली. गाडी-वाटपाच्या नावे मात्र काहीच नोंदवलेले नव्हते. तो प्रोग्रॅम त्याच्या येण्याआधीपासून चालू होता. जागा नोंदवायची तर तो क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करावा लागला असता, आणि चालत्या गोष्टीला हात लावायची त्याला भीती वाटे. आज नको, शांत दिवस बघू, असे म्हणत त्याने ते पुढे ढकलले होते.

ज्या दुपारी साहेबांनी संचालकांना देखरेखीचा भिंतीवर लावलेला नवा बोर्ड पाहायला बोलावले, त्या दुपारी उन्हाने माणसे पटापट कोसळत होती. हॉलमधले फोन वाढले तशी कामे वाढली, कामे वाढली तशा देखरेखीच्या नोंदी वाढल्या, आणि राखून ठेवलेली सगळी जागा देखरेखीने भरून टाकली. साहेबांच्या खोलीतल्या भिंतीवर हिरवे चौकोन झळकत होते. शेजारच्या खोलीत धास्तीरावाच्या पडद्यावर एकच ओळ उमटली. गाडी-वाटप बाहेर काढले गेले होते.

क्लस्टरने तो प्रोग्रॅम दुसऱ्या सर्व्हरवर उभा केला. तिथेही देखरेखीने पाय पसरले होते, म्हणून तिथूनही काढला. तिसऱ्यावर तेच. बिऱ्हाड पाठीवर घेऊन दारोदार फिरणाऱ्याला प्रत्येक दारातून हाकलावे तसे चालले होते, आणि प्रत्येक दारात त्यानेच बसवलेला पाहुणा हातपाय ताणून पडला होता.

जिन्यावर धावती पावले वाजली. फोन घेणाऱ्या बायकांतली सगळ्यांत जुनी, जिला सारे ताई म्हणत, ती दारात उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"धास्तीराव, सगळ्यांचे पडदे गोठलेत! एकाची बायको न्हाणीघरात पडलीय, शुद्ध नाही तिला. नवरा फोनवर रडतोय. पत्ता घेतलाय, पण गाडीच सुटत नाहीये!"

"ड्रायव्हरला थेट फोन लावा ना, ताई."

"लावतोच आहोत! पण कोण कुठे आहे ते त्याच पडद्यावर दिसतं ना, बाबा. एक उचलतो तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच्या गाडीत आधीच पेशंट. ती बाई काय थांबणारे तोवर?"

उपाय त्याला ठाऊक होता. देखरेख पूर्ण बंद केली की तिन्ही सर्व्हरांवर जागा मोकळी होणार होती. पण मग डोळे मिटल्यासारखे होणार होते. पुढे काय बिघडते, कोण पडते, काहीच दिसले नसते. आणि भिंतीवरचा बोर्ड संचालकांसमोर काळा पडला असता. आज्ञा टाइप करून झाली होती; एंटरवर ठेवलेले त्याचे बोट दाबत नव्हते.

तेवढ्यात साहेब आले. "अहो, एक चौकोन लाल का झालाय? पाहुणे विचारताहेत."

"सर, बोर्ड बंद करतोय."

"आत्ता? वेडबिड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय सर," तो म्हणाला, आणि त्याने बोट दाबले.

शेजारच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. साहेब काहीतरी बोलत होते. त्याला ते ऐकू आले नाही. गाडी-वाटप सुरू झाले की नाही, हे पडद्यावर आता त्याला सांगणारे कोणी नव्हते. तो ताईच्या मागोमाग जिना उतरू लागला.

हॉलमध्ये फोन खणखणत होते, पण गाडी नेमली की वाजणारी बारीक घंटा गप्प होती. आपण उशीर केला, असे त्याला वाटले. ती बाई फरशीवर पडलेली त्याला स्पष्ट दिसू लागली. तिचा चेहरा त्याच्या बायकोचा होता. ताईने कानाला फोन लावला. "आहे मी, दादा. फोन ठेवू नका. त्यांचा श्वास चालू आहे का बघा." ती पडद्याकडे डोळे लावून बसली.

घंटा वाजली. मग दुसरी, मग एकापाठोपाठ एक.

"निघाली गाडी," ताई फोनमध्ये म्हणाली. "दार उघडं ठेवून बसा." आणि मग, मान न वळवता, "धास्तीराव, बसा खाली. तुम्हालाच न्यावं लागेल नाहीतर."

गाडी परत आली तेव्हा तो फाटकाशी उभा होता. ड्रायव्हर उतरताच तो पुढे झाला.

"न्हाणीघरवाल्या बाई ना?" ड्रायव्हर म्हणाला. "आहेत, आहेत. शुद्धीवर आल्या आणि रस्ताभर मला शिव्या. म्हणे, मला ओल्या कपड्यांत कुठे निघालायस घेऊन!"

धास्तीरावाला हसू आले, आणि हसता हसता तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला.

संचालक गेल्यावर तो साहेबांसमोर उभा राहिला. "सर, देखरेखीला वेगळा सर्व्हर लागेल."

"तुम्हीच म्हणाला होता ना, आपल्यातच बसेल?"

"घाबरून म्हणालो होतो."

"कशाला घाबरून?"

"तुम्हाला, सर."

"बोलत जा हो," साहेब म्हणाले, पूर्वीपेक्षा जरा हळू.

सर्व्हर यायचा तेव्हा आला. त्याची वाट न पाहता, फोन कमी असताना, धास्तीरावाने ताईला सांगून गाडी-वाटप क्षणभर थांबवले आणि त्याच्या नावाने जागा नोंदवली. घंटा पुन्हा वाजेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

बोर्ड पुन्हा भिंतीवर आला, हिरवागार. तरी दुपारी फोन वाढले की तो जिना उतरून हॉलच्या भिंतीशी उभा राही आणि घंटा ऐके.

"चालू आहे हो सगळं. जा वर," ताई म्हणे.

तो जिन्याच्या वळणापर्यंत जाई आणि परत येई.