फी, उचल आणि न विचारलेला प्रश्न

अक्कलकुव्याच्या स्टँडवर बाने माझी पत्र्याची पेटी एसटीच्या डिकीत ठेवली आणि कंडक्टरला दोनदा विचारलं, ही पुण्यालाच जाते ना. कंडक्टर हसला. आई भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवून खाली उतरली, पण गाडी हलेपर्यंत खिडकीला हात लावून उभी होती. धाकटी सुनी रुसून आलीच नव्हती. आमच्या डोंगरातल्या पाड्यावरून कॉलेजला जाणारी मी पहिली. रडू यायला हवं होतं, पण मला फक्त पेटीतल्या दाखल्यांची काळजी होती.

फीचे पैसे कुठून आले ते आधी सांगते. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर टोळ्या करून गुजरातेत ऊस तोडायला जातात. मुकादम पावसाळ्यातच घरी येऊन आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. त्या वर्षी जायचं नाही असं बाने ठरवलं होतं. त्याचा गुडघा दुखत होता आणि सुनीची सातवी बुडवायची नव्हती. पण पुण्यात एका खाजगी संस्थेत लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला माझा नंबर लागला, आणि बाने उचल घेतली.

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला असेल. नंदुरबारच्या कॉलेजच्या दुसऱ्या यादीत माझं नाव आलं. बी.एस्सी., फी माफ, राहायला सरकारी वसतिगृह. पुण्यात मला तसंही करमत नव्हतं. बाई भराभर बोलायच्या आणि माझं मराठी शाळेत शिकलेलं, जपून वापरायचं. मी विचार केला, इथला प्रवेश रद्द केला आणि फी परत मिळाली, तर बा दिवाळीआधी उचल परत करेल. कुणालाच उसात जावं लागणार नाही.

बाला फोन केला.  तो आमच्या बोलीत जे म्हणाला ते मराठीत लिहिते. "पोरी, पैसे दिले, सही केली. आता हंगाम संपेपर्यंत तू त्यांची. मधे निघून आलेल्याचं काय होतं, तू बघितलंयस."

बघितलं होतं. आमच्या पाड्यावरचा एक जण टोळीतून निघून आला, तर मुकादम जीप घेऊन आला आणि दिवसभर त्याच्या अंगणात बसला. खालच्या गावचा माणूस, अहिराणी बोलणारा. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होता, "उचल लिधी म्हणजे लिधी, आते मांगे फिराणं नही." मला संस्थाही तशीच वाटली. दाखले अडकवतील, बाच्या अंगणात कुणी येऊन बसेल. ऑफिसच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत फिरले.

तेवढ्यात माझी बार्शीची रूममेट प्रवेश रद्द करून आली. तासाभरात. हातात दाखले आणि वडापाव. "थोडे कापले, बाकीचे खात्यात येतील. त्यात काय एवढं?" तरी मी अजून दोन दिवस घाबरत काढले आणि तिसऱ्या दिवशी गेले. खिडकीतल्या मॅडमनी माझाच फॉर्म उलटा करून माझ्या सहीच्या वरच्या ओळींवर बोट ठेवलं. फी परत मागायची, वर्ग सुरू झाल्यापासूनची पंधरा दिवसांची मुदत परवा संपली होती. आता दाखले मिळतील, पैसे नाहीत. "विचारायचं तरी होतंस गं," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाने घेतलेली उचल अशी वाया घालवायला मन धजावलं नाही. मी पुण्यातच राहिले. दिवाळीनंतर ट्रक आला आणि घरातले तिघेही गेले.

संक्रांतीच्या सुट्टीत मी नवापूरला उतरले. तिथून पुढे गुजरातेत, शेताच्या कडेला त्यांचा पडाव होता, उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्या. सुनी चुलीपुढे होती. "मॅडम, लांब बसा, पुण्याच्या कपड्यांना धूर लागेल," ती म्हणाली. मी हसले. बा लंगडत आला, मुकादमाला मुद्दाम हाक मारून घेऊन आला. "शहरात पोरं अर्ध्यातून सोडून जातात म्हणे. माझ्या पोरीने नाही सोडलं." मुकादम म्हणाला, "वाघीण शे तुन्ही पोर." आईने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ती मी फडक्यात गुंडाळून ठेवली. मी सोडायलाच निघाले होते, मुदत चुकली, हे सांगितलं नाही.

होस्टेलवर मुली विचारतात, घरी कधी जाणार? डोंगरावरच्या बंद घराच्या दाराला काटेरी फांदी लावलेली आहे. तिघं ज्या शेताच्या कडेला झोपतात ते आता माझं घर, आणि तिथे मी पाहुण्यासारखी बसून आले, कारण पोटात ही गोष्ट होती.

माझ्यासारख्या पहिल्यांदा बाहेर पडलेल्या पोरींनो, खिडकीपाशी जाऊन विचारा. विचारल्याने कुणी अंगणात येऊन बसत नाही.

आणि सुनी, हे लिहिलेलं तुलाच पाठवतेय, घरात वाचता येतं ते आपल्या दोघींनाच. तुझी सातवी बाच्या उचलीने नाही बुडाली, मी मुदत संपेपर्यंत गप्प बसले म्हणून बुडाली. तुझा राग शांत झाला की हे बाला सांग. मराठीत वाचू नकोस, आपल्या बोलीत सांग. तो गप्प बसला तर बसू दे. मग मला फोन कर. मी येते.