त्रिवेणीबाईंनी पुसलेली ओळ

काचीगुड्याला स्टेशनमागे आमच्या मराठी मंडळाचं एका खोलीचं ऑफिस आहे. तिथे त्रिवेणीबाई बावीस वर्षं वधूवर सूचीचं टायपिंग करतात. त्यांची एक रीत आहे. आईवडील शेजारच्या खुर्चीत बसून सगळं सांगतात, त्या सगळं टाइप करतात. मग वाचून दाखवतात आणि सांगतील ती ओळ त्यांच्यादेखत काढतात. "पुसलं," म्हणतात. बाहेर एक शब्द जात नाही. म्हणून नल्लकुंट्यापासून लोक त्यांच्याकडेच येतात.

मी मंडळाचा चिटणीस. मार्चमध्ये नोकरीतून निवृत्त होईन. माझ्या गौरीची माहिती मीच दिली आणि सवयीप्रमाणे काहीच गाळलं नाही. लहानपणी फिट्स येत, गेली आठ वर्षं औषधही बंद, हेसुद्धा सांगितलं. घरी गौरी म्हणाली, "बाबा, ज्याच्याशी ठरेल त्याला मी स्वतः सांगेन. चारशे घरांना कशाला?" मंगळवारी जाऊन मी ती ओळ काढून घेतली.

रविवारी मी ऑफिसात असताना मंडळातले नामदेवराव आले. सूचीत त्यांच्या मुलाची, विक्रमची, उंची चुकली होती. बाई कोपऱ्यात चहा गाळत होत्या, तोवर हे स्वतःच खुर्चीत बसले आणि दुरुस्तीच्या नादात विक्रमची जन्मतारीख उडवून बसले. कंट्रोल-झेड दाबल्यावर तारीख परत आली. पण त्यांनी बोट उचललं नाही.

"हे काय हौलेपण, खुळ्यासारखं चाललंय, बाई? कालचं कामपण उलटं मागे जातंय."

बाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. दिवाळीच्या सुमारास वीज जाऊन त्यांचं दिवसभराचं काम बुडालं होतं. तेव्हा त्यांच्या मुलीने, योगिनीने, एक सोय करून दिली होती. फाइल बंद करून पुन्हा उघडली तरी मागचं परत आणता येतं. बाईंना एवढंच कळलं होतं की लिहिलेलं हरवणार नाही. पुसलेलंही हरवत नाही, हे आम्हा दोघांना त्या क्षणी कळलं.

शुक्रवारची नावं पडद्यावरून गेली. मग गुरुवारची. काढलेल्या ओळी जागच्या जागी परत येत होत्या. मंगळवार दोनच दिवस मागे होता. थांबा म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. आणि नामदेवरावांना कळलं की संध्याकाळपर्यंत पार नारायणगुड्यापर्यंत घरोघरी कळतं.

"बुधवार आला बघा," ते हसत म्हणाले.

बाईंनी येऊन कीबोर्डवर पंजा ठेवला. "नामदेवराव, उठा."

"परेशान नका होऊ. नुसतं बघतोय."

"हे लोकांनी काढायला सांगितलेलं आहे. अजून मागे गेलात तर तुमचंही येईल."

ते उठले. चहा न घेताच गेले. त्यांचं काय होतं ते बाई बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मग योगिनी फोनवरून सांगत गेली तसं बाईंनी सगळं पुन्हा पुढे आणलं, सेव्ह केलं, साठवलेला मागचा इतिहास काढून टाकला आणि ती सोय बंद केली. "नक्की गेलं?" त्यांनी मुलीला चार वेळा विचारलं.

आता त्या आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहितात, ठेवायचं तेवढंच टाइप करतात आणि कागद ज्याचा त्याच्या हातात देतात. "पुसलं" म्हणत नाहीत. नामदेवराव रस्त्यात दिसले की मी बाजूच्या गल्लीत वळायला बघतो. ते मात्र मला बघून रस्ता ओलांडतात. बाईंनी मला त्यांच्या काढलेल्या ओळीचं काही सांगितलं असेल, असं त्यांना वाटतं.