हमीदाखालांच्या हातचं तेल

तुमचं मांजर शिंकू लागलं, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं, तर तुम्ही काय कराल? दवाखान्यात न्याल, की स्वतःला लावता तेच निलगिरीचं तेल त्यालाही लावाल? उत्तराची घाई करू नका. आधी आमच्या हमीदाखालांना भेटा.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात खाला बांगड्या भरायच्या. गल्लीत कुणाचंही पोर शिंकलं की त्यांची हाक यायची, "ये रे इकडं, नाकाचा नळ झालाय नुसता!" खोबरेलात निलगिरीचे थेंब टाकून त्या छातीला, पाठीला खसाखसा चोळायच्या. पोर ओरडलं तर म्हणायच्या, "चोळल्याबिगर माया कशी कळंल?" पोर कुठल्या घरातलं, कुठल्या वस्तीतलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या गावात ही साधी गोष्ट नव्हती.

मुलगी सोलापूरला दिलेली, नवरा कधीच गेलेला. घरात खाला आणि शक्कर नावाची पांढरी मांजर. "ही माजी धाकली," अशी त्या तिची ओळख करून द्यायच्या.

एका हिवाळ्यात शक्करला सर्दी झाली, खाणं सुटलं. खाला तिला शालीत गुंडाळून लोहाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात निघाल्या. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. जीपमध्ये एकानं विचारलं, "काय खाला, किती लिटर दूध देती ही?" सगळी जीप हसली. दुसरा म्हणाला, "तिथं म्हशीची लाइन असती. हिला बघून डॉक्टर तुमालाच सुई टोचंल!" खाला ओशाळल्या आणि जीप सुटायच्या आत उतरल्या.

घरी येऊन त्यांनी शक्करला तेल चोळलं. शेजारणीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: कुत्र्यामांजरांना सुगंधी तेलं लावा, शंभर टक्के नैसर्गिक, अपाय काही नाही. खालांना धीर आला. त्यांनी खोबरेल कमी केलं, निलगिरी वाढवली.

मांजराला अंगाला लागलेलं काही खपत नाही. शक्करनं ते सगळं चाटून काढलं. सकाळी तिच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते. खालांचं रडणं ऐकून मी गाडी काढली.

डॉक्टरांनी विचारलं, "अंगाला काय लावलंत?"

"निलगिरी, साहेब. चांगली भरपूर लावली. हात आखडता घेतला न्हाय."

शक्करचं अंग धुताधुता डॉक्टरांनी सांगितलं, की मांजराच्या यकृताला ही तेलं झेपत नाहीत. चाटलेलं सगळं पोटात जातं. सलाईन लावलं. दुपारी शक्करनं खालांच्या मांडीवर जीव सोडला.

"म्हंजी म्याच मारली का हिला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, आजी."

"तिला तरी कुठं ठावं हुतं, साहेब? चोळताना हललीसुदीक न्हाय. माजा हात हाय म्हणून गप बसली."

त्यानंतर शिंकणारी पोरं दाराशी आली की खाला दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. "डॉक्टरकडं जा, राजा." पोरं अडून बसायची. खाला आत जाऊन दार लावायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मयतीला आख्खी गल्ली आली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या छातीला कधी ना कधी तो हात लागलेला होता.

खालांना अडाणी म्हणणारे मला भेटतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या निघाल्या होत्या दवाखान्यातच! त्यांना परत कुणी फिरवलं? आजारी जीव दूध देतो की नाही, यावर त्याचे उपचार ठरवणाऱ्या आपण सगळ्यांनी. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे कुणी शिकवलं? धोतऱ्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं.

म्हणून मागणं एवढंच. मांजराला कुठलंही वासाचं तेल लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या जीपमध्ये कुणी म्हातारी मांजर गुंडाळून चढली, तर हसू नका. सरका, आणि तिला जागा द्या.