अनुमोदक रुख्मिणीबाई

पंचवीस वर्षं रुख्मिणीबाईनं गावातल्या बायांचं भजनी मंडळ चालवलं. पुढं बसून पहिली ओळ ती टाकायची, मागच्यांनी ती उचलायची. कुणी चुकलं की मागं न बघताच नाव घेऊन झापायची. कनेरगाव नाक्यापल्याडच्या त्या गावात तिच्या गळ्याला जोड नव्हती, अन् हे सगळ्यात आधी तिनंच सांगितलेलं होतं.

मग सरपंचपद बाईसाठी राखीव सुटलं. गावची माणसं रुख्मिणीच्या दारावरून गेली अन् थेट शालूबाईच्या ओट्यावर बसली. शालू म्हणजे मागच्या ओळीतली, शेळ्या राखणारी, जल्मात एकटीनं ओळ न म्हटलेली!

"तिलाच काहून? माझ्यात काय कमी हाय?" रुख्मिणीनं नवऱ्याला विचारलं.

ग्यानबा तंबाखू मळत म्हणाला, "ती ऐकून घेती."

त्या दिवशी ग्यानबाला भाकरी स्वतः थापावी लागली.

सरपंचकीला शालूपुढं उभं राहून पडले तर मंडळात तोंड दाखवायची सोय न्हाई, म्हणून रुख्मिणीनं वॉर्डातून मेंबरकीचा फॉर्म भरला. गाऊन प्रचार केला, निवडूनही आली. पण खुर्ची शालूची. हारात बुडालेलं शालूचं तोंड बघून रुख्मिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पहिल्याच बैठकीत शालूनं ठराव मांडला: वरच्या वस्तीला नळ. मंडळातल्या अर्ध्या बाया तिथल्याच. पाण्यापायी भजनाला उशिरा यायच्या अन् रुख्मिणीच्या शिव्या खायच्या.

"सूचक सरपंचबाई," ग्रामसेवकानं लिहिलं. "अनुमोदक कोण? दुसऱ्या कुणी दुजोरा दिल्याबिगर ठराव उभा राहत न्हाई."

बाकीच्या मेंबरांनी माना खाली घातल्या. त्यांना नळ आधी आपल्या गल्लीत पाहिजे होता. रुख्मिणीला गुदगुल्या झाल्या. पडू दे! पंचवीस वर्षं जिनं माझी ओळ उचलली, तिची ओळ आता मी उचलू?

दाराशी मंडळातल्या बाया उभ्या होत्या, कडेवर रिकामे हंडे. सदा पुढं बसणाऱ्या रुख्मिणीनं त्यांची तोंडं अशी समोरून कधी बघितलीच नव्हती.

"बाई," त्यातली साधना बोलली, "सूर पडून राहिला. धरा की."

रुख्मिणीनं तिच्याकडं खाऊ का गिळू असं बघितलं.

"लिवा! अनुमोदन माझं. पण नाव वर घ्या."

"बाई, अनुमोदकाचं नाव खालीच असतंय," ग्रामसेवक म्हणाला.

तिनं पेन हिसकलं अन् सही अशी ठोकली, की तिची वेलांटी थेट शालूच्या नावाला जाऊन भिडली. शालू नुसती हसली. तेही रुख्मिणीला सोसलं न्हाई.