काहिलीतली बाई

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी एवढी कशावर चिडलीय? क्रमाने सांगते.

पावसाळ्यात आपल्या धरणाचं पाणी फुगलं की पलीकडच्या वस्तीचं बेट होतं, ते थेट संक्रांतीपर्यंत. मग ये-जा काहिलीतून. गुळासाठी उसाचा रस ज्यात कढवतात ती पसरट, भली मोठी कढई. दोन्ही काठांना दोर बांधलेला असतो, तो ओढत पाणी पार करायचं. कुणी उभं राहायचं नाही. सगळ्यांनी कडेला पाठ लावून समोरासमोर बसायचं, नाहीतर काहील कलंडते.

त्या वस्तीवर एक पेंटर राहतो. दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याने आपल्या शाळेच्या भिंतीवर तेलरंगात बेटावरचं रोजचं जगणं काढलं. काहिलीत दुधाचे कॅन, दप्तरं, एक शेळी आणि मधोमध कळा सुरू झालेली बाई. ती त्याचीच बायको. बाकीचे दोर ओढत असतानाच ती वाटेत बाळंत झाली होती. मूल राहिलं नाही.

"पूल मागून मागून थकलो, बाई," तो मला म्हणाला होता. "आता भिंतच बोलंल."

शाळेच्या कार्यक्रमाला धाराशिवहून मोठे साहेब येणार म्हटल्यावर सरपंचांनी त्याला बजावलं, "ती बाई झाक. पाहुण्यांपुढं रडगाणं नको. कमळं काढ."

कमळं! म्हशी डुंबतात त्या गढूळ पाण्यात!

आणि त्याने काढली. सकाळी जाऊन पाहते तर बाईच्या जागी गुलाबी कमळं. मला सरपंचांपेक्षा त्याचाच संताप आला.

"अरे, तुझीच ना ती?"

"बाई, पंचायतीच्या पाट्या बी मीच रंगवतो. कुठं भांडू?"

त्याची बायको पदर ओढून मागे उभी होती. भिंतीकडे बघत नव्हती.

साहेब आले. "वा, स्वर्गच की हा! इथे बोटिंग सुरू करा." टाळ्या पडल्या. काहिलीतून आलेल्यांनीही वाजवल्या, याचा राग मला अजून गिळता येत नाही.

मग जुन्या शिक्षिका म्हणून मला शाल दिली. तिचं टोक मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि भिंतीकडे गेले. कमळं साध्या पाण्यात कालवलेल्या रंगाची होती, भराभर निघाली; खालचा तेलरंग तसाच राहिला. आधी तिचे हात दिसले, मग पोट.

"बाई, काय चालवलंय हे!" सरपंच ओरडले.

"साहेबांना बोटिंग दाखवतेय."

"कोण ही?" साहेबांनी विचारलं. मागून बायको पुढे आली.

"म्या हाय ती. बोट नको साहेब, पूल द्या."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि गाडीत बसले.

पूल नाही. यंदाही दोर बांधलाय. पेंटर माझ्याशी बोलत नाही. पण त्या दिवशी सगळे पांगल्यावर त्याच्या बायकोने चुलीतली राख आणली आणि कमळांचे उरलेले गुलाबी डाग भिंतीवरच्या स्वतःच्या अंगावरून घासून काढले.